हिंदुराव रणपिसे यांच्या भावना

हिंदुराव रणपिसे यांनी आयुष्यात एकही सही न वाचता केलेली नाही. मी हजारो केल्या आहेत. त्यातली एक या हकिकतीत पुढे येईलच, पण आधी रणपिसे कोण ते सांगतो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आम्ही दोघांनी तीस-पस्तीस वर्षं काढली. मी, अनंत लिमये, भांडारात कारकून. ते तपासणी खात्यात. तयार मालाचा लॉट त्यांच्यापुढे यायचा, त्यातले नमुने उचलून ते गेज, म्हणजे मापाचं हत्यार, लावायचे. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये, एवढं सोपं शास्त्र. पण ते शास्त्र रणपिशांनी फाटकाबाहेरही सोडलं नाही. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापण्याआधी त्यांना दाखवली, तर ‘विवाह ठीक १२ वाजून ३५ मिनिटांनी’ या ओळीखाली त्यांनी तांबड्या पेनाने लिहिलं, ‘शक्य नाही. सुधारून आणावे.’ पत्रिका कोणी सुधारली नाही. लग्न सव्वादोनला लागलं. पुतण्या अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही, आणि रणपिसे म्हणतात, चूक पत्रिकेची होती.

त्यांच्या नावाचा प्रकार आणखी निराळा. पंचेचाळीस साली ते जन्मले तेव्हा वडिलांनी गावच्या पाटलाच्या सांगण्यावरून नाव ठेवलं हिंदुराव. छप्पन्न साली सगळं घर बौद्ध झालं. मागून झालेली भावंडं गौतम आणि सुजाता झाली, पण यांचं नाव शाळेच्या दाखल्यावर चढलं होतं, ते चढलेलंच राहिलं. कारखान्यात कोणी नवा साहेब आला की नाव वाचून खूश व्हायचा आणि पुढचा धर्माचा रकाना वाचून गोंधळायचा. नाव बदलून का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, पास झालेला लॉट पुन्हा उघडायचा नसतो.

आमची मैत्री कँटीनच्या टेबलावरची. माझ्या घरी ते एकदाच आले, एक्याऐंशी साली. आईने त्यांना चहा दिला, फुलपात्रातून, आणि ते गेल्यावर ते फुलपात्र आमच्या फळीवर पुन्हा दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी सरळ विचारलं, “लिमये, फुलपात्र रिजेक्ट झालं का?” मी हसलो. ते विनोद करत नव्हते हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली, आणि मी स्वतःला हुशार समजतो.

आता सिनेमा. साल दोन हजार सात. पुण्यात तेव्हा सगळ्यांना प्रोसेस नावाचा रोग झाला होता. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमधून तो आला आणि पेठांपर्यंत पसरला. आमच्या वाण्याने दुकानात ‘ग्राहक समाधान अर्ज’ ठेवले होते. तुम्ही भरून दिलात की तो तुमच्यादेखत फाडायचा. आमच्याच इमारतीतला अभय आठ वर्षं अमेरिकेत राहून, तिथली सॉफ्टवेअर कंपनी विकून परत आला होता. तिकडे काळ्या लोकांवरच्या अन्यायाचे सिनेमे पाहून तो फार रडला, आणि परतीच्या विमानात त्याला आठवलं की असलं काहीतरी आपल्याकडेही होतं. जुन्या पुण्यातल्या अस्पृश्यतेवर भव्य मराठी चित्रपट काढायचं त्याने ठरवलं. निर्माता तोच, दिग्दर्शकही तोच.

फक्त एक भीती होती. ऐतिहासिक सिनेमा म्हटला की कोणाच्या तरी भावना दुखावतात आणि थिएटरच्या काचा फुटतात. अभयने याच्यावर प्रोसेस काढली. त्याने कंपनीत ‘भावना विभाग’ उघडला. विभागात दोन सल्लागार, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. एक रजिस्टर. दृश्य क्रमांक, तारीख, भावना दुखावल्या किंवा नाही, सल्लागाराची सही. चित्रपट तयार झाला की रजिस्टर पेटीत ठेवायचं आणि कोणी दगड घेऊन आला की दाखवायचं. या बाजूचा सल्लागार म्हणून त्याने मला घेतलं, कारण मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्या बाजूचा कोणी ओळखीचा आहे का, असं विचारल्यावर मी रणपिशांचं नाव दिलं.

मुलाखतीला मी हजर होतो. अभय अदबीने म्हणाला, “काका, तुमच्या सफरिंगबद्दल दहा ओळीत सांगाल का?”

“साखर आहे,” रणपिसे म्हणाले. “उपाशीपोटी एकशेऐंशी.”

अभयने ते लिहून घेतलं आणि रणपिशांची नेमणूक झाली. दारूगोळ्याच्या तपासनिसाला आपण नुसत्या सह्या करायला बोलावतो आहोत, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

चित्रीकरण वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत, एका मोकळ्या रानात होतं. दोन बाजूंना गृहसंकुलं उभी राहत होती आणि मध्ये अभयने दोनशे वर्षांपूर्वीचं गाव उभं केलं होतं. प्लायवूडचा वाडा, थर्माकोलची विहीर. विहिरीला तळ नव्हता आणि पाणी टँकरने यायचं. रणपिशांना हे ठिकाण जवळचं. निवृत्तीनंतर ते मुलीबरोबर वाघोलीतच फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, आणि त्यांच्या संकुलातही पाणी टँकरनेच यायचं. वाघोलीत आता सगळ्या जातींचे लोक सारखेच टँकरची वाट बघतात, एवढी समता आली आहे, असं ते म्हणायचे.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आम्ही सल्लागार आहोत हे रंगभूषेच्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने रांगेतल्या माणसांकडे पाहिलं आणि हाताने दोन भाग केले, गोरे इकडे, काळे तिकडे. रणपिसे गोरेपान, धिप्पाड, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. त्यांच्या अंगावर रेशमी अंगरखा चढला, डोक्यावर पगडी बसली आणि “पंत, तुम्ही पालखीशेजारी” असा हुकूम झाला. मी काळा आणि किडकिडीत. आमच्या जातीत अपवाद म्हणून दाखवण्याजोगा. तरी त्या गृहस्थाला मी कमी काळा वाटलो. त्याने माझ्या तोंडाला, पाठीला काजळी फासली, लंगोटीवजा धडपा दिला, कमरेला मागून झाडू बांधला आणि गळ्यात मडकं अडकवलं. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून मडकं, पावलं पुसली जावीत म्हणून झाडू. मी अहो अहो करत होतो, पण त्या वेषात माझं कोणी ऐकेना.

आधी मलाही गंमत वाटली. मी ओळखीच्या एकाला फोटो काढायला सांगितला. मग उन्हात अर्धा तास उभं राहिल्यावर दोरी मानेला काचायला लागली आणि मागचा झाडू पायात यायला लागला. तेवढ्यात पालखीशेजारून पगडीतले रणपिसे माझ्याकडे चालत आले. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. त्यांनी बोटाच्या पेराने मडक्यावर टकटक केलं आणि म्हणाले, भाजलेलं नाही, दुपारपर्यंत टिकणार नाही. ते साडेअकरालाच फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपासणी सुरू केली. मी रजिस्टरात ‘दुखावल्या नाहीत’ लिहून सही ठोकायचो आणि सावलीत जाऊन बसायचो. रणपिसे संहिता मागून घ्यायचे, दृश्य पूर्ण बघायचे आणि रकान्यात मावणार नाहीत असे शेरे लिहायचे. दृश्य अकरा: ‘वस्तीतील सातही झोपड्या पडक्या आहेत. आमचे लोक दुसऱ्यांची घरे शाकारत होते, त्यांना स्वतःचे छप्पर शाकारता येत नव्हते काय? नापास.’ दृश्य एकोणीस: ‘बासरी वाजली की सगळे अस्पृश्य रडतात. कारण दिलेले नाही. नापास.’ दृश्य सव्वीसपर्यंत आल्यावर त्यांनी सगळे संवाद मोजले. नायक हा उदार मनाचा तरुण कारभारी. त्याला दोनशेबारा वाक्यं होती. वस्तीतल्या चाळीस माणसांना मिळून एकच वाक्य होतं, ‘जी सरकार’, आणि ते अकरा वेळा होतं.

अभय हबकला. पण त्याच्या संगणकावर प्रत्येक दृश्यापुढे हिरवा ठिपका यायलाच हवा होता, आणि रणपिशांमुळे पडदाभर तांबडे ठिपके उठले होते. त्याने झोपड्या शाकारल्या. बासरी काढून सनई घातली. ‘जी सरकार’ची संख्या वाढवून वीस केली आणि आता बरं आहे ना काका, असं विचारलं. तो मनापासून विचारत होता, हे मी मान्य करतो. या मुलाला वाईट म्हणता येत नाही, हीच त्याची मोठी पंचाईत होती.

मग आलं दृश्य क्रमांक बेचाळीस. वस्तीतली एक म्हातारी भर दुपारी विहिरीपासून लांब बसली आहे. तिला विहिरीला शिवायची बंदी. कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. नायक घोड्यावरून येतो, तिला पाहतो, घोड्यावरून उतरून स्वतःच्या हाताने पोहरा ओढतो आणि तिच्या ओंजळीत पाणी ओततो. म्हातारी रडते, नायक रडतो. सगळी वस्ती धावत येऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवते. मध्यंतर.

रणपिशांनी ते वाचलं आणि रजिस्टर मिटलं. शेरा लिहिला नाही. त्या संध्याकाळी कंपनीच्या गाडीची वाट बघत आम्ही थर्माकोलच्या कठड्याला टेकून बसलो असताना ते बोलले. त्यांची आजी मैना. गाव इथून पुढे, नदीकाठचं. गावात एक विहीर, आणि तिच्यापासून वीस पावलांवर एक दगड. पहाटे घागर घेऊन आजीने त्या दगडाशी बसायचं, आणि पाणी भरायला आलेल्या बायकांपैकी कोणाला दया आली तर तिने वरून ओतायचं. एका चैत्रात दुपार झाली तरी कोणी ओतलं नाही. आजी उठली, नदीत उतरली. नदी कोरडी. तिने हातांनी वाळू उकरली, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि खालून पाणी झिरपायला लागलं. ती प्याली, घागर भरली आणि वस्तीतल्या बायकांना हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून दगडाशी कोणी बसलं नाही.

“कोणी पाजलं नाही हो लिमये,” ते म्हणाले. “आमचं पाणी आम्ही काढलं. अभय म्हणतोय ते झालंच नाही.”

मी म्हणालो, सिनेमा आहे, लोक बघतील आणि विसरतील. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं. त्यांची मुलगी दीक्षा हिंजवडीत मोठ्या कंपनीत इंजिनियर. हुशार, बोलकी. पण ऑफिसात तिच्या टेबलावरच्या पाटीवर ‘दीक्षा आर.’ एवढंच होतं. चार वर्षांत तिने तिथे आडनाव सांगितलं नव्हतं, कारण पहिल्या नोकरीत सांगितल्यावर डब्याच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली होती. कोणी काही बोललं नव्हतं. नुसती खुर्ची. तेव्हापासून असले सिनेमे आले की ती कारण काढून घरी थांबायची.

“हा पिक्चर तिच्या ऑफिसातले सगळे मिळून बघणार. वस्तीतली लोकं पडद्यावर पाया पडायला लागली की माझ्या पोरीने कुठं बघायचं? मला एक सीन असा पाहिजे की तिला मान खाली घालायला लागू नये. एक बास.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अभयला आजीची हकिकत सांगितली. अभयच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याच्या डोळ्यांत फार लवकर येतं. मग त्याने अडचण काढली की ही गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची आणि सिनेमा दोनशे वर्षांपूर्वीचा, काळाचा घोळ होईल. रणपिसे म्हणाले, विहीर तीच होती आणि नियमही तोच होता. शेवटी अभयने तोडगा काढला. दृश्य दोन प्रकारे घ्यायचं. व्हर्जन एकमध्ये नायक पाणी पाजणार, व्हर्जन दोनमध्ये म्हातारी वाळू उकरणार. कुठलं ठेवायचं ते एडिटिंगला ठरवू.

व्हर्जन दोन मी पाहिलं आहे. वाळूचे दोन ट्रक मागवले होते आणि खाली टँकरचा पाइप लपवला होता. नायकाला त्यात काम नव्हतं, तो खुर्चीत बसून मोबाइलवर खेळत होता. म्हातारीचं काम करणारी बाई उकरायला लागली तेव्हा रणपिसे पुढे गेले, वाकले आणि उकरायचं कसं ते स्वतः दाखवलं. बोटांनी नाही, तळव्याच्या कडेने, म्हणजे नखं उलटत नाहीत. बाईने तसं केलं. पाणी वर आलं. ती प्याली, तोंड पुसलं आणि कॅमेऱ्याकडे न बघता घागर भरायला लागली. त्या रानात दीडशे माणसं होती, पण कोणी हललं नाही. रणपिशांनी रजिस्टर मागितलं आणि पहिल्यांदाच एका शब्दात शेरा लिहिला. ‘पास.’

आता माझी सही. चित्रीकरण संपल्यावर महिनाभराने अभयने माझ्याकडे रजिस्टरची शेवटची पानं पाठवली. रकाने राहिले होते, अठरा ठिकाणी सह्या हव्या होत्या. मी त्या वेळी महापालिकेला पत्र लिहीत होतो, आमच्या गल्लीतल्या नव्या गतिरोधकाची उंची कमी करण्याबद्दल. पत्राचा तिसरा मसुदा चालू होता आणि मी रंगात होतो. अठरा सह्या केल्या आणि पानं परत पाठवली. त्यात ‘दृश्य ४२, व्हर्जन १’ असाही एक रकाना होता. दोघांपैकी एका सल्लागाराची सही पुरेशी आहे, हा नियम पहिल्या पानावर छापलेला होता, तोही मी कधी वाचला नव्हता.

पुढल्या वर्षी चित्रपट लागला. दीक्षाच्या कंपनीने सगळ्या विभागासाठी एक खेळ राखून ठेवला, नगर रस्त्यावरच्या नव्या मल्टिप्लेक्समध्ये, शनिवारी दुपारी. आणि दीक्षाने घरी थांबायचं कारण काढलं नाही. तिने ऑफिसात स्वतःहून सांगितलं की माझे वडील या चित्रपटाचे सल्लागार होते, आणि आपलं पूर्ण नावही सांगितलं. वडिलांनी तिला शब्द दिला होता, मध्यंतराच्या आधी बघ, पणजी दिसेल. तिच्या साहेबीणबाई कल्याणी म्हणून होत्या; त्यांनी रणपिशांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि रणपिशांनी मला. कल्याणीबाई चांगल्या होत्या. वाईट एवढंच की आपण चांगल्या आहोत हे त्यांना ठाऊक होतं.

आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो. रणपिशांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दीक्षा मधूनमधून त्यांच्याकडे बघून हसत होती. शाकारलेल्या झोपड्या आल्या, सनई आली. मग विहीर आली, म्हातारी आली आणि लांबून घोड्याच्या टापांचा आवाज आला. दृश्य व्हर्जन दोनचं असतं तर घोडा यायला नको होता.

हे का झालं ते अभयने मला नंतर जिन्यात सांगितलं. त्याने चाळीस लोकांना दोन्ही व्हर्जन्स दाखवून अर्ज भरून घेतले होते. पहिल्याला अडतीस जण रडले. दुसऱ्यात बहुतेकांनी एकच प्रश्न लिहिला होता, हीरो कुठे गेला? आणि पहिल्यापुढे हिरवा ठिपका होताच, माझ्या सहीचा.

नायकाने पाणी ओतलं. म्हातारी रडली. वस्ती त्याच्या पायांवर पडली, आणि आमच्या मागच्या-पुढच्या रांगांतून नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. मी दीक्षाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. मांडीवरच्या ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. रणपिशांना जे होऊ द्यायचं नव्हतं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि ते मी केलं होतं.

दिवे लागले. रणपिसे पडद्याकडेच बघत होते. त्यांनी मला शांतपणे विचारलं, “याच्यावर सही कोणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

“वाचून केली होती?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. मला इतकी लाज माझ्या आयुष्यात वाटली नव्हती, फुलपात्राच्या वेळीसुद्धा नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण नापास मालावर कोणी ओरडत नाही, तो बाजूला काढून ठेवतात, आणि त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं.

तेवढ्यात कल्याणीबाई उभ्या राहिल्या. डोळे पुसत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की हे दीक्षाचे वडील, हे सगळं ज्यांच्या लोकांनी सोसलं ते आज आपल्यात बसले आहेत. टाळ्या झाल्या. एकजण थेट येऊन रणपिशांच्या पाया पडला आणि सगळ्यांच्या वतीने माफी मागतो म्हणाला. “अहो, पॉपकॉर्न सांडलं तुमचं,” रणपिसे म्हणाले. मग कल्याणीबाईंनी पाण्याची नवी बाटली घेतली, बूच स्वतःच्या हाताने उघडलं आणि दोन्ही हातांनी ती रणपिशांपुढे धरली. “काका, आम्हा सगळ्यांकडून,” त्या म्हणाल्या. सगळीकडून मोबाइल वर आले. साठ-सत्तर माणसं श्वास रोखून बघत होती की हा माणूस पाणी पिऊन रडतो कधी.

रणपिशांना पाणी हवं होतं हे मला माहीत आहे. त्यांना साखर, त्यात चैत्राची दुपार. पण ते बाटलीला हात लावेनात, आणि कल्याणीबाई ती मागे घेईनात. मग दीक्षा उभी राहिली. तिची मान वर होती.

“मॅडम, आत्ता दाखवलं ना, ते तसं नव्हतं झालं,” ती म्हणाली. “ती माझी पणजी. मैना रणपिसे नाव तिचं. तिला कोणीच पाणी दिलं नव्हतं.”

आणि तिने सांगितलं. दगड, चैत्र, नदी, वाळू. मध्यंतर संपलं, दिवे गेले, पडद्यावर नायक भाषण करायला लागला. दीक्षा थांबली नाही. तिने नुसता आवाज चढवला. आजूबाजूच्या चार-पाच रांगांनी पडद्याकडे पाठ केली आणि खुर्च्यांवर गुडघे टेकून ते लोक ऐकत राहिले. थिएटरचा माणूस टॉर्च घेऊन आला, बसून घ्या म्हणाला, मग तोही टॉर्च विझवून तिथेच उभा राहिला. मागून कोणीतरी विचारलं की मग गावाने काय केलं. हा भाग रणपिशांनी मलाही सांगितला नव्हता.

“गावाला राग आला,” दीक्षा म्हणाली. “पाण्यासाठी बसलेल्या बायकांकडून ते शेण भरून घ्यायचे, लाकडं फोडून घ्यायचे. आता फुकटचं कोण करणार? पाटलाने निरोप पाठवला, झालं गेलं विसरा, या परत विहिरीवर बसायला, आम्ही नक्की वाढू पाणी.”

अंधारात कल्याणीबाई बाटली धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मग? गेल्या त्या?”

उत्तर रणपिशांनी दिलं.

“कशाला जाईल? पाणी होतं ना तिच्याकडं.”